नागिओस-एमआरटीजी सोडायचंय: झॅबिक्स की लिब्रेएनएमएस?

ज्यांच्याकडे अजून नागिओस (काही बंद पडलं की सांगणारं) आणि एमआरटीजी (वाहतुकीचे ग्राफ काढणारं) ही नेटवर्कवर नजर ठेवणारी जोडी चालू आहे आणि ती आता बदलायचीच असं ठरलंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी एका शैक्षणिक संस्थेचं नेटवर्क बघतो. बऱ्याच इमारती, वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या निविदांतून आलेले स्विच, आणि भाड्याच्या लाइनवर चालणारी लांबची उपकेंद्रं. नव्या व्यवस्थेसाठी शेवटी दोनच नावं उरली, झॅबिक्स आणि लिब्रेएनएमएस. दोन्ही मुक्त, दोन्हींना परवान्याचा खर्च नाही. झॅबिक्स २००१ पासून लोकांच्या हातात आहे. लिब्रेएनएमएस २०१३ मध्ये ऑब्झर्व्हियम या अशाच सॉफ्टवेअरच्या शेवटच्या जीपीएल (मुक्त परवान्याच्या) आवृत्तीतून वेगळं झालं. वैशिष्ट्यांची यादी मांडून बसलात तर दोन्हीकडे सगळ्या रकान्यांत बरोबरची खूण येईल आणि निर्णय तिथेच राहील. मी दोन्ही शेजारी शेजारी चालवून पाहिली आणि निर्णय झाला तो एकाच गोष्टीवर, म्हणून आधी तीच सांगतो.

ती गोष्ट म्हणजे स्विचवरच्या पोर्टची, म्हणजे केबल लावायच्या जागेची, ओळख.

स्विच प्रत्येक पोर्टला आतून एक क्रमांक देतो, इफइंडेक्स. हा क्रमांक कायमचा असेल असं आपण गृहीत धरतो, पण मानकात हमी आहे ती एका रीस्टार्टपासून पुढच्या रीस्टार्टपर्यंतचीच. स्विच पुन्हा सुरू झाला, मध्ये एखादं मॉड्यूल घातलं किंवा काढलं, फर्मवेअर बदललं, की क्रमांक सरकू शकतात. सिस्कोच्या स्विचवर चालणाऱ्या आयओएसमध्ये ते टिकवून ठेवायची एका ओळीची आज्ञा आहे. पण सगळ्याच कंपन्यांच्या स्वस्त स्विचमध्ये अशी सोय नसते. पीपीपीओईसारखे (ग्राहक लॉगिन करून जोडला जातो ती पद्धत) ग्राहकागणिक तयार होणारे इंटरफेस असतील तर क्रमांकावर भिस्त ठेवणं आणखी अवघड.

एमआरटीजीची कॉन्फिग फाइल बनवणारं साधन, काही वेगळं सांगितलं नाही तर, हाच क्रमांक धरून फाइल बनवतं. आमच्याकडे वर्षानुवर्षं तसंच चालत आलं होतं. मग एका पावसाळ्यात रात्री वीज गेली, यूपीएसनं मान टाकली आणि मुख्य इमारतीतला स्विच पहाटे पुन्हा उठला. सकाळी ग्राफ उघडला तर वसतिगृहाची लिंक रात्रभर रिकामी आणि कुलूपबंद ग्रंथालयाची लिंक पहाटे चारला तुडुंब भरलेली. सेवा कुठेच बंद नव्हती, अलर्ट एकही आलेला नव्हता. फक्त एका पोर्टचा इतिहास दुसऱ्याच्या नावावर चढला होता. याच ग्राफवर बोट ठेवून वर्षाच्या शेवटी बँडविड्थचा खर्च मंजूर करून घ्यायचा असतो. त्यात दोन लिंकचे आकडे मिसळले की ते पुन्हा वेगळे करता येत नाहीत. व्यवस्था बंद पडली तर निदान लगेच कळतं. आकडे गुपचूप चुकायला लागले तर महिनोन्‌महिने कळत नाही.

त्यामुळे दोन्ही नव्या व्यवस्था उभ्या केल्यावर मी डॅशबोर्डचे रंग पाहायच्या आधी चाचणीचा स्विच घेतला, मॉड्यूल काढलं, परत सुरू केला आणि काय होतं ते पाहिलं.

झॅबिक्सच्या तयार टेम्प्लेटमध्ये, म्हणजे काय मोजायचं याच्या साच्यात, पोर्टच्या प्रत्येक मोजमापाची किल्ली (ज्या नावाखाली इतिहास साठतो ते आतलं नाव) इफइंडेक्सवरूनच बनते. क्रमांक सरकले की पुढच्या शोधफेरीत त्याच किल्लीला नवं नाव चिकटतं, आणि जुना इतिहास नव्या नावाखाली दिसायला लागतो. यावर उपाय आहे. टेम्प्लेटची प्रत काढायची आणि किल्लीत क्रमांकाऐवजी पोर्टचं नाव घालायचं. मी करून पाहिलं, ते व्यवस्थित चालतं. पण मग ते टेम्प्लेट आपलं झालं. मूळ टेम्प्लेटमध्ये पुढे सुधारणा आल्या की त्या आपणच ओढून आणायच्या, आणि आपल्यानंतर त्या खुर्चीवर येणाऱ्यालाही हे माहीत असायला हवं. झॅबिक्सची सगळी ताकद या लवचिकतेतच आहे, आणि ज्यांच्याकडे हे सांभाळायला माणूस आहे त्यांना यात काहीच अडचण वाटणार नाही.

लिब्रेएनएमएसही सुरुवातीला इफइंडेक्सच धरतं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण तिथे उपकरण जोडतानाच पोर्ट कशावरून ओळखायचा हे निवडता येतं: क्रमांक, नाव, वर्णन किंवा आपण दिलेलं टोपणनाव. मी नाव निवडलं. स्विच परत सुरू केला, क्रमांक सरकले, ग्राफ जागच्या जागी राहिले. टेम्प्लेटला हात लावावा लागला नाही, काही लिहावं लागलं नाही. माझ्यापुरता तराजू तिथेच झुकला. पुढे बाकीच्या गोष्टी पाहिल्या, पण पारडं परत फिरवण्याइतकं वजन कशात सापडलं नाही. ही निवड मात्र पहिल्याच दिवशी करायची. सहा महिन्यांचा इतिहास साठल्यावर करण्यात अर्थ नाही.

बाकीचा हिशोब थोडक्यात.

उपकरणं शोधण्यात लिब्रेएनएमएस पुढे आहे. एक मुख्य स्विच दाखवायचा आणि आपले आयपी पट्टे सांगायचे, की एलएलडीपी किंवा सीडीपीच्या (उपकरणं शेजाऱ्याला आपली ओळख सांगतात ते प्रोटोकॉल) शेजाऱ्यांवरून ते एकेक उपकरण हुडकत जातं. आमच्या दप्तरात नसलेले स्विचही त्यातून सापडले. झॅबिक्स आयपीचे पट्टे तपासून शोध घेतं आणि नियम नीट लिहिले तर उत्तम काम करतं, पण शेजाऱ्याचा माग काढत पुढे जाणं त्यात मुळातून नाही.

‘वरचा स्विच बंद, म्हणून खालच्या चाळीसांचे अलर्ट नकोत’ ही गोष्ट नागिओसमध्ये ‘पॅरेंट’ लिहून होत असे. लिब्रेएनएमएसमध्ये उपकरणाला पालक उपकरण नेमता येतं, त्यामुळे जुनी मांडणी जवळजवळ तशीच उतरवता आली. झॅबिक्समध्ये उपकरणांमधलं अवलंबन थेट नाही, ते ट्रिगरांमध्ये, म्हणजे अलर्ट कधी द्यायचा याच्या अटींमध्ये, बांधायचं असतं. त्यात बारकावे जास्त साधता येतात, पण नागिओसवरून येणाऱ्याला सगळी वीण नव्यानं घालावी लागते.

नागिओससाठी जमवलेल्या छोट्या तपासण्या, म्हणजे वेबसाइट उघडते का, प्रमाणपत्राची मुदत किती उरली, डीएनएस उत्तर देतं का, त्या लिब्रेएनएमएसच्या सेवा विभागात बहुतेक जशाच्या तशा चालतात, कारण ते नागिओसचेच प्लगइन चालवतं. झॅबिक्सही बाहेरून स्क्रिप्ट चालवू शकतं, पण तिथे त्यांना नवा साचा द्यावा लागतो.

आता झॅबिक्सची बाजू, आणि ती लहान नाही. पहिलं, सर्व्हर. डेटाबेस, व्हर्च्युअल मशीन, लॉगमधली एखादी ओळ, हे सगळं सर्व्हरवर बसवलेला झॅबिक्सचा एजंट ज्या खोलीनं पाहतो त्याच्या जवळपास लिब्रेएनएमएस जात नाही. दुसरं, लांबची केंद्रं. झॅबिक्सचा प्रॉक्सी (मुख्य सर्व्हरच्या वतीनं मोजणारा मदतनीस) उपकेंद्रात ठेवला की मधली लाइन पडली तरी तो मोजत राहतो आणि लाइन आल्यावर साठलेला डेटा मुख्य सर्व्हरकडे पाठवतो. लाइन तुटल्यावर किती वेळचा डेटा धरून ठेवायचा हे ठरवता येतं. मुळातली मर्यादा एक तासाची आहे, ती वाढवून घ्या. लिब्रेएनएमएसमध्येही पोलिंग (उपकरणांना ठरावीक वेळानं आकडे विचारणं) वाटून देता येतं, पण ते करणाऱ्या पोलरना मध्यवर्ती डेटाबेसशी सतत बोलावं लागतं. लाइन रोज दोनदा पडत असेल तर ही रचना त्रास देते. आमच्या उपकेंद्रांवर मोजकी उपकरणं आहेत आणि लाइन बरी आहे, म्हणून आम्हाला चाललं. तुमच्याकडे तालुक्यातालुक्यात शाखा आणि लहरी लाइन असतील तर हा एकच मुद्दा माझा वरचा सगळा युक्तिवाद बाजूला सारू शकतो. तिसरं, आवृत्त्यांची शिस्त. झॅबिक्सची ७.० ही दीर्घ आधाराची आवृत्ती २०२४ मध्ये आली, आणि अशा आवृत्तीवर पाच वर्षं निवांत राहता येतं. लिब्रेएनएमएस मुळात रोज स्वतःला अद्ययावत करतं. कार्यालयीन वापरासाठी ते महिन्याच्या आवृत्तीवर ठेवावं, असं मला वाटतं.

निवड कोणतीही करा, हलवण्याची पद्धत जवळपास सारखीच आहे, आणि व्यत्यय येतो तो सॉफ्टवेअरपेक्षा या पद्धतीतल्या घाईनं.

नव्या सर्व्हरला नवा आयपी द्या. जुन्याचाच आयपी नव्याला दिला तर उपकरणांना हात लावावा लागणार नाही, असा मोह होतो, पण मग दोन्ही एकत्र चालवता येत नाहीत आणि परतीचा रस्ता बंद होतो. त्याऐवजी प्रत्येक स्विचच्या एसएनएमपीच्या (उपकरणाला आकडे विचारायचा प्रोटोकॉल) परवानगी यादीत आणि मधल्या फायरवॉलमध्ये नवा आयपी आधी घालून ठेवा. कंटाळवाणं काम आहे, पण यानं चालू वाहतुकीला धक्का लागत नाही, आणि हे झालं की बाकीचं दिवसाढवळ्या करता येतं. याच फेरीत एसएनएमपीच्या व्हर्जन दोनवरून तीनवर जायचा विचार येईल. तो बदल योग्यच आहे, पण वेगळा करा. दोन बदल एकत्र केले आणि एखादं उपकरण गप्प झालं, तर कशामुळे झालं ते शोधण्यात अख्खी दुपार जाते.

दोन व्यवस्था एकाच वेळी विचारायला लागल्या की जुन्या स्विचच्या सीपीयूवर ताण येतो. वाहतुकीचे काउंटर वाचण्यानं फारसं बिघडत नाही. जड पडतं ते मॅक पत्त्यांचं (कोणतं यंत्र कोणत्या पोर्टवर आहे त्याचं) अख्खं कोष्टक वाचणं. लिब्रेएनएमएसमध्ये हा भाग उपकरणागणिक बंद ठेवता येतो. म्हाताऱ्या स्विचवर तो सुरुवातीला बंदच ठेवा.

ट्रॅप (उपकरणानं स्वतःहून दिलेली सूचना) आणि सिसलॉग (त्याच्या कामाच्या नोंदी) बहुतेक उपकरणं दोन पत्त्यांवर पाठवू शकतात. ज्यांना एकच पत्ता चालतो त्यांचं जुन्या सर्व्हरवरूनच पुढे ढकला. ट्रॅपसाठी एसएनएमपीट्रॅपडीमध्ये आणि सिसलॉगसाठी आरसिसलॉगमध्ये एकेका ओळीचं काम आहे.

मग येतो सगळ्यांना घाबरवणारा टप्पा. जुन्या आणि नव्या ग्राफचे आकडे जुळत नाहीत. याची दोन साधी कारणं आहेत. पाच मिनिटांऐवजी एका मिनिटाला नमुना घेतला की शिखरं उंच दिसतात, वापर वाढलेला नसतो. आणि एमआरटीजी एसएनएमपीच्या जुन्या व्हर्जन एकनं विचारत असेल तर ते ३२ बिटांचे काउंटर वाचत होतं. पूर्ण भरलेल्या एक गिगाबिट लिंकवर तो काउंटर साधारण ३४ सेकंदांत फिरून शून्यावर येतो, म्हणजे पाच मिनिटांत कितीदा फिरला हे कळायला मार्ग नाही. जिथे फरक मोठा आहे तिथे बहुधा नवा आकडा खरा असतो. हे वरिष्ठांना आधीच, दोन्ही ग्राफ शेजारी ठेवून दाखवलंत तर पुढची बरीच पत्रं वाचतील.

एमआरटीजीचा जुना इतिहास नव्या व्यवस्थेत ओतायच्या फंदात मी पडलो नाही, तुम्हीही पडू नका असं सुचवेन. ते दोन वर्षांचाच डेटा ठेवतं, आणि जुना होत जाईल तशी त्याची सरासरी विरळ होत जाते. ती पानं वाचण्यापुरती तशीच ठेवून द्या.

अलर्टचा बदल सगळ्यात शेवटी. तोपर्यंत नव्याचे अलर्ट फक्त स्वतःकडे घ्या, रात्रपाळीच्या माणसाला जुन्याचेच जाऊ द्या. दोन ठिकाणांहून एकच घंटा वाजायला लागली की चार रात्रींत माणसं दोन्हींकडे दुर्लक्ष करतात, आणि ती सवय मोडणं फार कठीण. जुन्यानं जे पकडलं ते नव्यानंही पकडलं का, आणि नव्यानं उगाच किती आरडाओरडा केला, हे रोज सकाळी ताडून पाहा. नागिओस तीनदा खात्री करून मगच ओरडत असेल तर नव्यातही तेवढा उशीर द्या. जुळणी पटली की एका कामकाजाच्या दिवशी, सगळे जागेवर असताना, अलर्टची दिशा बदला. शुक्रवारी संध्याकाळी नको. सुट्टीच्या काळात तर मुळीच नको.

जुनं मशीन लगेच पुसू नका. त्यावर सिसलॉग येत असेल तर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपावे लागतात. तेवढा काळ ते मशीन बंद करून ठेवलं तरी चालेल, पण डिस्क शाबूत हवी.

माझ्या मते स्विच, राउटर, वायफाय हाच तुमच्या कामाचा मोठा भाग असेल आणि सांभाळणारी माणसं एक-दोनच असतील, तर लिब्रेएनएमएस घ्या, पोर्ट नावावरून ओळखायला लावा आणि कामाला लागा. सर्व्हरच जास्त असतील, किंवा शाखांच्या लाइन भरवशाच्या नसतील, तर झॅबिक्स. टेम्प्लेटची प्रत मात्र इतिहास साठायच्या आधी, पहिल्याच आठवड्यात काढून घ्या. दोन्ही ठेवणारेही आहेत, सर्व्हरसाठी हे आणि नेटवर्कसाठी ते. मनुष्यबळ असेल तर तेही वाईट नाही.

आणि १८० दिवस उलटले की प्रत्येक स्विचच्या परवानगी यादीतून जुन्या सर्व्हरचा आयपी काढा, जुनी कम्युनिटी स्ट्रिंगही (एसएनएमपीचा पासवर्डसारखा शब्द) बदला. हे काम कुणाच्याच यादीत नसतं, म्हणून आजच कॅलेंडरमध्ये तारीख घालून ठेवा.