क्रिकेटर सौरभ नेत्रावलकर की फुटबॉलर अराता इझुमी, देश बदलून खेळणं कुणाचं जास्त अवघड?

आपला मुंबईचा सौरभ 2010 ला भारताकडून अंडर-19 वर्ल्ड कप खेळला, 2015 ला शिकायला अमेरिकेत गेला आणि 2024 च्या टी-20 वर्ल्ड कपला त्याच अमेरिकेकडून रोहित आणि विराट दोघांची विकेट काढली, मला तर भरूनच आलं होतं. क्रिकेटमध्ये तीन वर्षं त्या देशात राहिलात तरी चालतं, पासपोर्ट बदलायलाच हवा असं नाही.

फुटबॉलमध्ये पासपोर्टच लागतो. तेव्हा पुणे एफसी क्लबकडून खेळणारा इझुमी, वडील गुजराती, जन्म जपानचा, आणि भारतात दुहेरी नागरिकत्व नाही, म्हणून भारताकडून खेळायला त्याने जपानचं नागरिकत्व चक्क सोडलं! 2013 ला भारताची जर्सी मिळाली. माझ्या मते त्याचंच जास्त अवघड, आणि त्याचं नाव घेतं कोण आज?