आपोआप बंद पडणारा गेमिंग लॅपटॉप आणि बर्डीवरचे एक दुरुस्तीचे दुकान

सुमारे महिनाभर माझा गेमिंग लॅपटॉप खेळ सुरू केल्यापासून वीस-बावीस मिनिटांत, फुंकर मारून दिवा विझवावा तसा बंद पडत होता. चूक दाखवणारा विंडोजचा निळा पडदा नाही, कसलीही सूचना नाही. समोर काळा पडदा आणि खोलीत फक्त कूलरचा आवाज. लगेच पुन्हा सुरू केला तर दोन-तीन मिनिटांत तोच प्रकार व्हायचा, आणि तासभर तसाच ठेवला तर पुन्हा वीस मिनिटे चालायचा. परीक्षण करायचे आहे ते या लॅपटॉपचे नव्हे, तर तो ज्यांनी दुरुस्त केला त्या नागपूरच्या सीताबर्डीवरील एका लहान दुकानाचे. हातातलीच कामे वेळेवर होत नाहीत, आणखी गिऱ्हाईक पाठवू नका, असे मालकांनी स्वतःच सांगितल्यामुळे दुकानाचे नाव येथे देत नाही. त्यांचे म्हणणे किती खरे होते हे पुढे कळेलच.

लॅपटॉप २०२२ साली घेतलेला आहे. त्यात इंटेलचा आय-सेव्हन १२७००एच हा चौदा कोअरचा प्रोसेसर आणि एनव्हिडियाचे आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स आहे. हा प्रोसेसर एरवी ४५ वॅटचा म्हणून विकला जात असला तरी टर्बोमध्ये, म्हणजे भार वाढल्यावर आपोआप वाढणाऱ्या वेगात, तो ११५ वॅटपर्यंत जातो, आणि ग्राफिक्सची भूक त्यापुढे वेगळी असते. जेमतेम इंचभर जाडीच्या डब्यात एवढी उष्णता निर्माण होते आणि ती बाहेर टाकायला दोन लहान पंखे व बोटभर रुंदीच्या धातूच्या जाळ्या असतात. खोलीतच ३८ अंश तापमान असेल तर त्या पंख्यांनी कोणती थंड हवा आत ओढावी, हा प्रश्न विदर्भाबाहेर राहून लॅपटॉपची परीक्षणे लिहिणाऱ्यांना सहसा पडत नाही.

दुकानात जाण्यापूर्वी घरी जे करून पाहिले ते आधी सांगतो, कारण त्यातल्या चुकाही उपयोगी पडल्या. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे घडामोडींच्या नोंदवहीत, प्रत्येक वेळी कर्नल-पॉवर ४१ ही नोंद सापडत होती. ही नोंद पाहून अनेक जण घाबरतात, मीही घाबरलो. पण ती म्हणजे निव्वळ पंचनामा असतो. यंत्र नीट बंद न होता मध्येच वीज गेली एवढेच ती सांगते, मृत्यूचे कारण सांगत नाही. तपशिलात बगचेक कोड शून्य होता, म्हणजे विंडोजला निळा पडदा दाखवण्याइतकीही उसंत मिळाली नव्हती. त्याखेरीज हार्डवेअरच्या चुका टिपणाऱ्या डब्ल्यूएचईए-लॉगरच्या १७ या क्रमांकाच्या शेकडो नोंदी साचलेल्या होत्या आणि प्रत्येकीत 'हार्डवेअर एरर' हे शब्द असल्यामुळे मदरबोर्डच गेला असावा अशी माझी समजूत झाली. रात्रभर मेमटेस्ट८६ चालवला, रॅममध्ये एकही चूक निघाली नाही. एसएसडीची तब्येतही ठीक होती.

मग एचडब्ल्यूइन्फो हा मोफत प्रोग्राम लावून तापमानाची नोंद फाइलमध्ये घेत खेळ सुरू केला आणि लॅपटॉप बंद पडल्यावर त्या फाइलची शेवटची ओळ पाहिली. प्रोसेसर ९१ अंश, ग्राफिक्स चिप ८३ अंश. येथे मी गोंधळलो. या प्रोसेसरची मर्यादा १०० अंशांची आहे, आणि तेथे पोहोचल्यावरही तो आधी स्वतःचा वेग कमी करतो, एकदम प्राण सोडत नाही. तरीही पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा ९९ टक्के केली. या एका टक्क्याने टर्बो पूर्ण बंद होतो, हा जुना आणि खात्रीचा उपाय आहे. प्रोसेसर ७४ अंशांवर आला आणि साधे खेळ तासभर चालू लागले. जड ग्राफिक्सचा खेळ लावला की मात्र लॅपटॉप पूर्वीसारखाच बंद पडत होता.

यानंतर एका अधिकृत सेवा केंद्रात गेलो. काउंटरवरच्या मुलाने लॅपटॉप सुरू केला, ४१ क्रमांकाची नोंद पाहिली आणि मदरबोर्ड बदलावा लागेल, कर वगळून ४६,००० रुपये, असा अंदाज छापून हातात दिला. लॅपटॉप उघडून पाहणार का, असे विचारले तेव्हा मंजुरी दिल्यावरच उघडतो, असे उत्तर मिळाले. पंचनामा वाचून फाशी सुनावण्याचा हा प्रकार मला मानवला नाही.

बर्डीवरचे दुकान जिन्याखालच्या जागेत आहे. एक टेबल, एक सूक्ष्मदर्शक, भिंतीला उघड्या लॅपटॉपांची चळत आणि दाराशी कूलर, पण त्याचे तोंड टेबलाकडे नसून बाहेरच्या बाजूच्या खुर्चीकडे वळवलेले. त्याचे कारण नंतर समजले. मालकांनी माझी कहाणी निम्म्यावर थांबवली. "भाऊ, खोलाचं मग पाहू. आधी तो मरते कसा, ते दाखवा ना." मला या वाक्यातच त्यांच्या कामाची रीत सापडली. त्यांनी लॅपटॉपचा अडॅप्टर वीज मोजणाऱ्या लहान मीटरमधून लावला आणि आधी केवळ प्रोसेसरवर भार टाकणारा सिनेबेंच अर्धा तास फिरवला. प्रोसेसर तापून वेग कमी-जास्त करत राहिला, पण बंद पडला नाही. नंतर केवळ ग्राफिक्सवर भार टाकणारा फरमार्क लावला आणि अकराव्या मिनिटाला लॅपटॉप गेला. माझ्या २३० वॅटच्या अडॅप्टरऐवजी त्यांनी तेवढ्याच क्षमतेचा दुसरा, खात्रीचा अडॅप्टर लावून तोच प्रयोग पुन्हा केला. बाराव्या मिनिटाला तेच झाले. अशा रीतीने एकही स्क्रू न काढता रॅम, एसएसडी, प्रोसेसर आणि अडॅप्टर या चौघांवरचा संशय गेला आणि तो ग्राफिक्सच्या आसपास येऊन थांबला. महिनाभर मी दोन्ही भार एकत्रच टाकत होतो, त्यामुळे दोष कोणाचा हे मला कधीच कळले नसते.

झाकण काढल्यावर बाहेरून स्वच्छ दिसणाऱ्या जाळीच्या आत, पंखा आणि जाळीच्या धातूच्या पात्या यांच्या मधल्या फटीत, धुळीचा अखंड थर निघाला. चिमट्याने उचलला तर तो नमद्याच्या पट्टीसारखा सलग वर आला, आणि त्याच्यावर पांढरट, मिठासारखे कण होते. मालकांनी एकच प्रश्न विचारला, "कूलरच्या समोर बसता का?" बसत होतो. कूलरची हवा थंड असते पण ओलीही असते. त्या ओलाव्याने धूळ चिकटून बसते आणि बोअरवेलच्या जड पाण्यातले क्षार बारीक तुषारांबरोबर आत जातात. लॅपटॉपला गारवा मिळावा म्हणून तीन उन्हाळे मी जे केले, त्यानेच त्याचा श्वास कोंडला होता.

धुळीने तापमान का वाढत होते हे कळले, पण बंद पडण्याचे मूळ आणखी खाली होते. ग्राफिक्स चिपच्या शेजारी तिला वीज पुरवणारे लहान चौकोनी मॉस्फेट असतात आणि त्यांची उष्णता हीटसिंकपर्यंत, म्हणजे ती शोषून घेणाऱ्या धातूच्या भागापर्यंत, नेण्यासाठी मऊ थर्मल पॅड लावलेले असतात. त्यांतला एक पॅड सुकून आक्रसला होता. हीटसिंक उलटा करून मालकांनी मला दाखवला: इतर पॅडवर खालच्या भागांचे ठसे स्पष्ट उमटलेले होते, या एकावर मात्र तेलाचा डाग होता, ठसा नव्हता. म्हणजे ते मॉस्फेट कोणाच्याही स्पर्शाविना भाजत होते आणि संरक्षणासाठी यंत्रणा वीज तोडत होती. माझ्या लॅपटॉपमध्ये त्या भागाचे तापमान दाखवणारा सेन्सर प्रोग्रामला दिसतच नाही, म्हणून माझ्या फाइलमधल्या ९१ आणि ८३ या आकड्यांवरून काही बोध होणे शक्य नव्हते.

पॅड बदलणे वाटते तितके सोपे नसते. जुन्या पॅडची जाडी त्यांनी कॅलिपरने दोन-तीन ठिकाणी मोजली, कारण एक मिलिमीटरच्या जागी दीड मिलिमीटरचा पॅड लावला तर हीटसिंक चिपवरून उचलला जातो आणि आजार बरा करताना दुसरा जडतो. नवे पॅड लावून हीटसिंक एकदा बसवला, पुन्हा काढला, सगळे ठसे उमटले आहेत हे पाहिले आणि मगच स्क्रू घट्ट केले. दोन्ही मुख्य चिपवर, त्यांची उष्णता हीटसिंकला पोचवणाऱ्या नेहमीच्या पेस्टऐवजी त्यांनी हनीवेलची पीटीएम ७९५० ही पातळ पट्टी लावली. खोलीच्या तापमानाला ती घन असते आणि सुमारे ४५ अंशांना मऊ होऊन पसरते. लॅपटॉपच्या चिप वारंवार तापून थंड होत असल्यामुळे साधी पेस्ट हळूहळू कडेला ढकलली जाते, तसे हिचे सहसा होत नाही. पेस्टऐवजी लिक्विड मेटल, म्हणजे द्रवरूप धातू, लावता का, असे मी उत्साहाने विचारले तेव्हा त्यांनी नकारार्थी मान हलवली. ते विजेचे वाहक आहे, अॅल्युमिनियम खाते आणि एक थेंब ओघळला तर तो ४६,००० चा अंदाज खरा ठरेल, असे त्यांचे मत पडले.

राहिल्या त्या डब्ल्यूएचईए-लॉगर १७ च्या नोंदी. त्यांच्या तपशिलात दिलेला बस आणि डिव्हाइसचा क्रमांक डिव्हाइस मॅनेजरशी ताडून पाहिला, तर तो वायफाय कार्डाच्या जोडणीचा निघाला. या नोंदी दुरुस्त झालेल्या चुकांच्या असतात आणि बंद पडण्याशी त्यांचा संबंध नव्हता. कार्ड काढून पुन्हा बसवले, लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट ही अशा जोडण्यांची वीज वाचवणारी सोय बंद केली आणि त्या जवळजवळ थांबल्या.

परत आल्यावर ३६ अंशांच्या खोलीत दोन्ही भार एकत्र टाकून चाळीस मिनिटे चालवला. टर्बो सुरू असताना प्रोसेसर ८६, ग्राफिक्स ७३. त्यानंतरच्या पूर्ण नवतपात, म्हणजे मेअखेरीस सुरू होणाऱ्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, लॅपटॉप एकदाही बंद पडला नाही. खर्च आला ३,४०० रुपये.

आता तक्रारी. तीन दिवसांत देतो म्हणून सांगितलेले काम नवव्या दिवशी मिळाले आणि मधल्या काळात फोन उचलला गेला नाही. तळाचा एक स्क्रू इतरांहून वेगळा आहे, विचारल्यावर "बसला ना?" एवढेच उत्तर मिळाले. तीस दिवसांची हमी तोंडी आहे. एवढ्या चोख तपासाची एक ओळही कागदावर नाही, हे मला सर्वांत खटकले. काय तपासले, किती जाडीचे पॅड लावले, आधीचे आणि नंतरचे तापमान किती, हे अर्ध्या पानावर लिहून दिले असते तर पुढच्या दुरुस्तीला ते सोन्याच्या मोलाचे ठरले असते. येथे लॅपटॉप द्यायचा असेल त्याने समोर बसून पाहावे आणि टिपणे स्वतःच ठेवावीत. ज्याला सोमवारी परीक्षा किंवा सादरीकरण आहे त्याने तेथे जाऊ नये.

मालकांनी जाताना दिलेल्या सूचना पाळतो आहे. मागची बाजू दोन बोटे उंच ठेवतो, गादीवर ठेवत नाही आणि कूलरपासून तोंड फिरवून बसतो. दर सहा महिन्यांनी जाळी साफ करायची, पण हवेचा झोत मारताना पंख्याचे पाते काडीने धरून ठेवायचे, नाहीतर पंखा भलत्याच वेगाने फिरून बेअरिंग जाते. हजार-दीड हजारांच्या कूलिंग पॅडविषयी त्यांचे मत फारसे चांगले नाही: आत नमदा बसलेला असताना खालून वारा घालून उपयोग नाही, आणि नसेल तर थोडाफार फरक पडतो.

डाव्या पंख्याचे बेअरिंग मुळातच झिजलेले होते. तो आता घरघरू लागल्यामुळे गेल्या महिन्यात पुन्हा गेलो होतो. नवा पंखा मागवून बसवायला पंधरा दिवस लागले, १,८०० रुपये झाले, आणि बिलावर मागच्यासारखेच 'लॅपटॉप सर्व्हिस' एवढे दोन शब्द आहेत.