ट्रॅक सायकलिंगच्या चष्म्यापायी ७,३४० रुपये गेले, तुम्ही तरी सावध राहा

मुलगी ट्रॅकवर सायकल चालवते. बालेवाडीचा ट्रॅक उघड्यावर, तिथे काळा गॉगल चालतो. दिल्लीचा इंदिरा गांधी स्टेडियममधला ट्रॅक मात्र छताखालचा, लाकडी, २५० मीटरचा. तिथे काळी काच लावली तर पुढचीचं चाक नीट दिसत नाही, आणि ट्रॅकच्या सायकलला ब्रेक नसतात! म्हणून पारदर्शक, पॉलिकार्बोनेटची, म्हणजे चिवट प्लॅस्टिकची काच हवी होती. पुण्यात चार दुकानांत विचारलं, सगळीकडे उन्हाचेच गॉगल. मग ऑनलाइन शोधणार नाही तर काय करणार?

ऑनलाइन सापडलेल्या विक्रेत्याने पहिल्यांदा मलेशियाचा ट्रॅक सायकलपटू अझिझुलहस्नी अवांगच्या पोटरीचा फोटो पाठवला. २०११, मँचेस्टर, पडल्यावर ट्रॅकच्या लाकडाची लांबलचक ढलपी आरपार. ‘ताई, हे डोळ्यात गेलं तर?’ असं विचारल्यावर कुठली आई भाव करत बसेल?

दोन चष्म्यांचे २,८५० प्रमाणे ५,७०० रुपये. वर ‘कस्टमचं डिपॉझिट, पार्सल मिळालं की परत’ म्हणून १,६४०. यूपीआयवर नाव दुकानाचं नाही, भलत्याच माणसाचं. तेही सोडा, छोट्या धंद्यात चालतं असं.

पण व्हिडिओ कॉलवर तो म्हणाला, ‘फोटोक्रोमिक आहे ताई, हॉलचे लाइट लागले की काच आपोआप ग्रे होते.’ तिथेच फोन ठेवायला हवा होता. माझ्या स्वतःच्या नाकावर फोटोक्रोमिक चष्मा आहे! भर उन्हात गाडी चालवतानाही तो धड काळा होत नाही, कारण अशी काच अतिनील किरणांनी काळी होते आणि गाडीची पुढची काच ते अडवते. मग हॉलच्या दिव्यांनी कसा होईल? हे सगळं मला माहीत, आणि मी ‘बरं’ म्हणाले. स्पर्धा तोंडावर होती, पोरगी रोज विचारत होती.

आलं काय, तर कायमची राखाडी काच. कोचसरांनी जरा वाकवली, कट्कन तुटली. पॉलिकार्बोनेट वाकतं, असं तुटत नाही. ‘ईएन १६६’ (डोळ्यांच्या संरक्षणाचं युरोपीय मानक) लिहिलेला स्टिकर नखाने निघाला. खरी खूण काचेवर आणि फ्रेमवरच उमटवलेली असते. तिचा जवळून फोटो मागा, टाळाटाळ झाली की विषय संपवा.

चौकीत गेले. ‘वस्तू मिळाली ना? मग फसवणूक कसली, ग्राहक तक्रार करा.’ तक्रार केंद्रात, ‘विक्रेत्याचं बिल नाही, पत्ता नाही, पोलिसांकडे जा.’ बँकेत, ‘पिन तुम्हीच टाकलात.’ पुन्हा चौकी. साहेब बंदोबस्ताला. एकाने तर ‘सायकलला चष्मा कशाला लागतो?’ म्हणून हसून घेतलं. स्क्रीनशॉटच्या रंगीत प्रिंट मागितल्या, त्याचे वेगळे १२० रुपये. अर्जाची पोच अजून नाही.

पैसे गेल्या गेल्या १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, पार्सल येईपर्यंत थांबू नका. पार्सल उघडताना व्हिडिओ काढा. डिपॉझिट हा शब्द आला की ब्लॉक.

त्याने मला ब्लॉक केलंय. भाचीच्या फोनवर पाहिलं, तर अकाउंटचं नाव नवं, व्हिडिओ तोच, भाव आता २,४९९.