पीएस/२ वाला जुना आर्केड एन्कोडर : बोर्ड अस्सल, पण प्रोग्रॅम करायला जुना पीसी हवाच

साताऱ्यात आमच्या घराजवळच्या पार्लरमध्ये दादा मला 'मुस्तफा' खेळायला न्यायचा. गेमचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनॉसॉर्स', कॅपकॉमचा, १९९३ चा. पण आपल्याकडे त्याला सगळे मुस्तफाच म्हणायचे. दादा जुलैमध्ये इकडे इंग्लंडात रेडिंगला येतोय. म्हणून मी इथल्या कार बूट सेलमध्ये (लोक गाडीच्या डिकीतून जुन्या वस्तू विकतात तो बाजार) दोन जॉयस्टिकचं वापरलेलं कंट्रोल पॅनेल २० पौंडांना घेतलं. हा रिव्ह्यू त्याच्या पोटातल्या एन्कोडरचा आणि सोबत मिळालेल्या सीडीवरच्या सॉफ्टवेअरचा.

बटण दाबलं की हा एन्कोडर बोर्ड पीसीला कीबोर्डची एक की पाठवतो, एवढंच त्याचं काम. प्रत्येक बटणाची वायर वेगळ्या स्क्रू टर्मिनलला जाते आणि ग्राउंडची एकच वायर सगळ्या मायक्रोस्विचांवरून (बटणांच्या आणि जॉयस्टिकच्या खाली बसणारे छोटे स्विच) माळेसारखी फिरते. एन्कोडरऐवजी साधा कीबोर्ड उघडून त्याच्या मॅट्रिक्सला (कीजना जोडणाऱ्या आडव्या-उभ्या तारांच्या जाळीला) वायरी डकवल्या की तीन-चार बटणं एकदम दाबताना एखादी गिळली जाते, किंवा न दाबलेलीच उमटते. इथे तसं एकदाही झालं नाही.

अडचण वेगळीच निघाली. मेममध्ये (जुने आर्केड गेम पीसीवर चालवणारा प्रोग्रॅम) दुसऱ्या खेळाडूला आर, एफ, डी, जी या दिशा आणि ए, एस ही पहिली दोन बटणं असतात. नोटपॅड उघडून एकेक बटण दाबून पाहिलं, तर मारायचं आणि उडीचं, दोन्ही बटणं 'के' पाठवत होती. आधीच्या मालकाने काहीतरी बदललं असणार. मेममध्ये टॅब दाबून की बदलता येते, पण दोन बटणांतून एकच अक्षर येत असेल तर मेम तरी काय करणार? बोर्डच नव्याने प्रोग्रॅम करायला हवा होता.

हा बोर्ड पीएस/२ पोर्टला, म्हणजे यूएसबीच्या आधी कीबोर्ड-माउस लावायचं जे गोल सॉकेट असायचं त्याला, जोडतात. लॅपटॉपला तो पोर्ट नाही, म्हणून यूएसबी कन्व्हर्टर लावला. बटणं चालली, पण सॉफ्टवेअरला बोर्ड दिसेना. दोन संध्याकाळी यात गेल्या, म्हणून कारण नीट लिहिते. हे सॉफ्टवेअर मदरबोर्डवरच्या कीबोर्ड कंट्रोलरशी थेट बोलतं आणि त्याच वाटेने बोर्डाला आज्ञा पाठवतं. कन्व्हर्टर फक्त दाबलेल्या कीज यूएसबीच्या भाषेत पुढे देतो, या आज्ञा त्याच्यातून पलीकडे जातच नाहीत. शिवाय कंट्रोलरपर्यंत पोचायला सॉफ्टवेअर स्वतःचा ड्रायव्हर बसवतं, आणि ६४ बिट विंडोज सही नसलेला ड्रायव्हर घेत नाही. कंपॅटिबिलिटी मोडने यातलं काहीच सुटत नाही, त्यात वेळ घालवू नका.

ऑफिसमधल्या मैत्रिणीकडे विंडोज एक्सपीचा जुना डेस्कटॉप होता, खरा पीएस/२ पोर्ट असलेला. तो बंद असताना बोर्ड जोडला (पीएस/२ चालू मशीनला जोडायचा नसतो), मग चालू केला. बोर्ड लगेच सापडला! पण प्रोग्रॅम लिहिताना प्रत्येक वेळी अर्ध्यावर एरर. शेवटी नोटपॅडमध्ये पाहिलं तर 'आर' ची रांग आपोआप पुढे सरकत होती. दुसऱ्या जॉयस्टिकच्या वरच्या मायक्रोस्विचची पट्टी वाकून दबलेली होती, आणि त्या सततच्या अक्षरांत आज्ञांचा घोळ होत होता. बोर्डावरची ग्राउंडची वायर सोडवली, सगळी बटणं गप्प झाली, आणि पुढच्याच प्रयत्नात मेमचा मूळ सेट बोर्डात उतरला. पट्टी नंतर सरळ केली.

कोड बोर्डाच्या मेमरीत राहतात, त्यामुळे आता पॅनेल त्याच कन्व्हर्टरने लॅपटॉपवर मस्त चालतं.

सॉफ्टवेअर साधं आहे आणि मला ते आवडलं. पडद्यावर टर्मिनलचं चित्र येतं, टर्मिनलवर क्लिक करायचं, यादीतून की निवडायची. बोर्डातला सेट फाइलमध्ये ठेवण्याची सोयही आहे, ती आधी वापरा. एरर मात्र सगळ्यांना एकच दाखवतं, बोर्ड नसला तरी तोच आणि लिहिणं तुटलं तरी तोच. ही त्याची मोठी उणीव.

नवीन पॅनेल बांधत असाल तर हा घेऊ नका. अल्टिमार्कच्या आय-पॅकसारखे बोर्ड सरळ यूएसबीवर प्रोग्रॅम होतात. पण जुन्या पॅनेलमध्ये हा मिळाला, तर उचकटून टाकू नका. पीएस/२ पोर्टचा पीसी एका दिवसापुरता कुणाकडून मागून आणा. मी कोणत्या टर्मिनलला कोणती की आहे ते कागदावर लिहून पॅनेलच्या झाकणाला आतून चिकटवलंय, आणि सेटची फाइल पेनड्राइव्हमध्ये ठेवलीय.