सदोष वस्तूमुळे इजा झाल्यास भरपाई कुठे मागावी: कंपनी, ग्राहक आयोग की दिवाणी न्यायालय?

घरात वापरायची वस्तू फुटली, पेटली किंवा तिचा शॉक बसला आणि माणूस जायबंदी झाला, की दवाखान्याची धावपळ ओसरल्यावर भरपाईचा विषय निघतो. कुणी म्हणते कंपनीला मेल करा, कुणी म्हणते ग्राहक मंचात जा, एखाद्या ओळखीच्या वकिलाचे मत थेट दिवाणी दावा लावावा असे पडते. तिन्ही मार्ग खरे आहेत. मात्र इजा कुणाला झाली, वस्तू कशासाठी घेतली होती आणि नेमके कशाचे नुकसान झाले, यावर त्यांतला कोणता उपयोगी पडेल ते ठरते. बहुतेक घरगुती प्रकरणांत जिल्हा ग्राहक आयोगच (म्हणजे पूर्वीचा ग्राहक मंच) बरा, असे माझे मत आहे. ते कुठे टिकते आणि कुठे टिकत नाही, ते पुढे मांडले आहे.

मार्ग कोणताही धरा, आधी ती वस्तू जपावी लागते. प्रेशर कुकर फुटला असेल तर भांडे, झाकण, शिट्टी, गॅस्केट आणि सेफ्टी व्हॉल्व्हचा जो काही वितळलेला तुकडा सापडेल तो, हे सारे न घासता, न पुसता एका खोक्यात ठेवावे. ओट्याचे, छताचे आणि जखमांचे फोटो त्याच दिवशी काढावेत. कुकरवरील आयएसआय खुणेचा आणि तिच्या खाली ‘सीएम/एल’ने सुरू होणाऱ्या परवाना क्रमांकाचा फोटो जवळून घ्यावा, कारण तो क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाकला की परवाना कुणाच्या नावे आहे आणि तो चालू आहे का, हे लगेच कळते. घरगुती प्रेशर कुकरसाठी ही खूण १ फेब्रुवारी २०२१ पासून सक्तीची आहे. त्यानंतर विकलेल्या कुकरवर ती नसेल, तर तेवढ्यानेच विक्रेत्याची बाजू लंगडी पडते. आग लागली असल्यास अग्निशमन दलाचा दाखला आणि गंभीर इजा असल्यास पोलिसांतली नोंद व पंचनामा यांच्या नकला मागून घ्याव्यात.

कंपनीशी थेट बोलणी करणे हा सर्वांत जलद मार्ग आहे आणि त्याला खर्चही नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली, तर ती संबंधित कंपनीच्या तक्रार विभागाकडे पाठवली जाते आणि पुष्कळदा पहिले उत्तर तिथूनच येते. वस्तू बिघडली आहे, इजा किरकोळ आहे, तर एवढ्यावर प्रकरण मिटवण्यात काही चूक नाही. पण इजा गंभीर असेल तेव्हा हा मार्ग अपुरा पडतो, कारण कंपनी सहसा नवी वस्तू आणि फार तर दवाखान्याचे बिल देऊ करते. बुडालेली मजुरी, पुढच्या शस्त्रक्रिया, हाताला राहिलेले कायमचे व्यंग यांचा हिशोब तिथे होत नाही. इथे दोन गोष्टी सांभाळाव्यात. कंपनीचा माणूस ‘तपासणीसाठी’ वस्तू मागायला आला, तर लेखी पोचपावतीशिवाय आणि आपले फोटो काढून झाल्याशिवाय ती हातची जाऊ देऊ नये. दुसरे म्हणजे धनादेशासोबत जो छापील कागद पुढे केला जातो, त्यात बहुधा ‘सदर रक्कम मिळाल्याने माझी कंपनीविरुद्ध कोणतीही तक्रार उरलेली नाही’ अशा अर्थाचे वाक्य असते. त्यावर सही झाली की पुढे कुठेही गेलात तरी तो कागद तुमच्यासमोर ठेवला जातो, आणि सही दबावाखाली घेतली हे सिद्ध करण्याचे ओझे तुमच्यावर येते.

आता खरी निवड आयोग आणि दिवाणी न्यायालय यांच्यातली. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा जुलै २०२० मध्ये अमलात आला आणि त्याच्या सहाव्या प्रकरणात (कलम ८२ ते ८७) सदोष उत्पादनामुळे झालेल्या हानीची जबाबदारी पहिल्यांदाच स्वतंत्रपणे मांडली गेली. या कलमांचा सर्वांत मोठा फायदा पुराव्याच्या बाबतीत आहे. उत्पादनात किंवा रचनेत दोष होता, वस्तू ठरलेल्या विनिर्देशांना धरून बनवलेली नव्हती, दिलेल्या हमीप्रमाणे ती नव्हती, किंवा ती सुरक्षितपणे कशी वापरावी याच्या पुरेशा सूचना वा इशारे दिलेले नव्हते, यांपैकी एक गोष्ट दाखवता आली की उत्पादक जबाबदार ठरतो. त्याचा निष्काळजीपणा वेगळा सिद्ध करावा लागत नाही. दिवाणी न्यायालयात अपकृत्य (दुसऱ्याच्या चुकीने झालेली हानी) म्हणून दावा लावला तर नेमका हाच निष्काळजीपणा वादीला शाबीत करावा लागतो. कारखान्यात काय घडले याची कागदपत्रे कंपनीच्या ताब्यात असताना भाजलेल्या माणसाने ते कसे दाखवायचे, हा प्रश्न तिथे दावा संपेपर्यंत पिच्छा सोडत नाही.

आयोगातही दोष दाखवावा लागतोच. वस्तू तपासल्याशिवाय दोष ठरवता येत नसेल, तर आयोग ती मोहोरबंद करून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. त्याची फी सुरुवातीला तक्रारदाराला भरावी लागते. मात्र प्रत्येक वेळी तज्ज्ञाचा अहवाल लागतोच असे नाही. ह्युंदाई कंपनीच्या क्रेटा गाडीच्या एअरबॅग अपघातात उघडल्या नाहीत, त्या प्रकरणात एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्राहकाच्या बाजूचा आदेश कायम ठेवला. टक्कर किती वेगाने आणि किती जोराने झाली याचे गणित मांडायला ग्राहक काही पदार्थविज्ञानाचा जाणकार नसतो, असा त्यातला विचार होता. ग्राहकाला एकूण ३ लाख रुपये आणि नवी गाडी देण्याचा आदेश टिकला. पण अपघात नोव्हेंबर २०१७ मधला होता, म्हणजे शेवटच्या निकालापर्यंत चार वर्षांहून अधिक काळ गेला, हेही लक्षात घ्यावे.

आयोगात जाता कुणाला येते, हे ताडून पाहणे सर्वांत आधी गरजेचे आहे. विकत घेणारा तर जातोच, पण त्याच्या संमतीने वस्तू वापरणाराही कायद्याने ग्राहक असतो. म्हणून कुकर मालकिणीने घेतलेला असला आणि भाजल्या स्वयंपाकाच्या मावशी, तरी त्यांना स्वतःच्या नावाने तक्रार मांडता येते. मृत्यू झाल्यास वारस आणि अज्ञान (अल्पवयीन) मुलाच्या वतीने पालक तक्रार करू शकतात. याउलट शेजारच्या घरातली बॅटरी फुटून तुमची भिंत कोसळली, तर तुम्ही त्या वस्तूचे ग्राहकही नाही आणि वापरकर्तेही नाही. तुमची दाद दिवाणी न्यायालयातच. व्यावसायिक कारणासाठी घेतलेल्या वस्तूचेही तेच, फक्त स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूचा अपवाद आहे. घरी पोळी-भाजीचे डबे करणाऱ्या बाईंचा मिक्सर या अपवादात बसू शकतो, मोठ्या केटररचा बसणार नाही. १९९५ च्या लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हीच रेषा आखली. ती संस्था व्यावसायिक ठरली, पण ग्राहक मंचांपुढे गेलेला काळ दिवाणी दाव्याच्या मुदतीतून वगळून मागण्याची वाट न्यायालयाने तिला मोकळी ठेवली. चुकीच्या दारात गेलेल्या माणसाला हा निकाल अजूनही उपयोगी पडतो.

कशाची भरपाई मिळते यातही फरक आहे. सहाव्या प्रकरणातली ‘हानी’ म्हणजे शरीराला झालेली इजा, आजार, मृत्यू, त्यातून आलेला मानसिक त्रास आणि त्या वस्तूखेरीज इतर मालमत्तेचे नुकसान. खुद्द वस्तूची किंमत त्यात येत नाही आणि धंद्यातले नुकसानही येत नाही. किंमत परत हवी असेल तर त्याच तक्रारीत सदोष मालाबद्दलची मागणी वेगळी लिहावी लागते. हे विसरले जाते आणि मग तेवढे पैसे बुडतात. दुकान आठवडाभर बंद राहिले म्हणून बुडालेला नफा मागायचा असेल, तर त्यासाठी दिवाणी दाव्याचाच विचार करावा लागेल.

खर्चाच्या बाबतीत मात्र दोहोंची तुलनाच होऊ शकत नाही. आयोगाचे शुल्क आणि अधिकारक्षेत्र हे मागितलेल्या भरपाईवर ठरत नाही, वस्तूसाठी मोजलेल्या किमतीवर ठरते. किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य, आणि ५० लाखांपर्यंतच्या वस्तूचे प्रकरण जिल्हा आयोगातच चालते, मग भरपाई कितीही मागा. ५० लाखांहून कमी किमतीच्या मोटारीला आग लागून मृत्यू झालेल्या माणसाच्या पत्नीने ५० कोटींहून अधिक भरपाई मागितली होती आणि तिला जिल्हा आयोगात जाणे भाग पडले. एवढ्या मोठ्या दाव्यासाठी खालची पायरी कशी, हा तिचा आक्षेप सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये फेटाळून किमतीचाच निकष ग्राह्य धरला. दोन हजारांच्या कुकरने हात गेला तर वीस लाख मागायलाही एक रुपया शुल्क पडत नाही. दिवाणी दाव्यात मात्र मागितलेल्या रकमेच्या प्रमाणात कोर्ट फी भरावी लागते आणि वकिलाशिवाय पुढे सरकणे अवघड असते. आयोगात स्वतः उभे राहता येते, राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि ‘ई-जागृती’ पोर्टलवरून ती घरबसल्या दाखल होते. तरीही शरीराला कायमची इजा असेल तर वकील करावा असे मी म्हणेन, कारण उत्पन्नाचा पुरावा, जिल्हा शल्यचिकित्सकांचे अपंगत्वाचे प्रमाणपत्र आणि पुढच्या उपचारांचा अंदाज नीट मांडला नाही तर रक्कम आपोआप घटते. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, अपंग व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य वकील मिळू शकतो.

तक्रार करताना सामनेवाले (ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे ते) कोण करायचे यावर थोडा वेळ द्यावा. दुसऱ्याने बनवलेल्या मालावर स्वतःचे नाव लावणारी कंपनीही कायद्याने उत्पादकच ठरते. ऑनलाइन घेतलेल्या, पत्ता नसलेल्या चार्जरचा निर्माता सापडत नसेल किंवा त्याच्यावर नोटीस बजावता येत नसेल, तर विक्रेता स्वतः जबाबदार धरला जातो. याउलट वस्तूचा गैरवापर झाला होता किंवा तिच्यात फेरफार केला होता, हे दिसले तर विक्रेता सुटतो. म्हणूनच रस्त्यावरून आणलेले गॅस्केट किंवा गल्लीतल्या मेकॅनिकने बदललेली बॅटरी, यावर सामनेवाल्याच्या जबाबात हमखास एक परिच्छेद येतो. त्याचे उत्तर आधीच तयार ठेवावे.

वेळेचे म्हणाल तर कायद्याप्रमाणे आयोगाने तीन महिन्यांत आणि प्रयोगशाळेची तपासणी लागल्यास पाच महिन्यांत निकाल द्यायचा असतो. हे वाचून कुणी कॅलेंडरवर खूण करू नये. तारखा पडतातच, आणि वरच्या आयोगात अपील झाले तर वर्षे जातात. दिवाणी दावा सहसा याहून रेंगाळतो. एक जमेची बाजू अशी की जिल्हा आयोगाविरुद्ध अपील करणाऱ्या कंपनीला आदेशातील निम्मी रक्कम आधी भरावी लागते, त्यामुळे निव्वळ वेळ काढण्यासाठी केलेले अपील तिला महागात पडते. आदेश होऊनही पैसे आले नाहीत तर दरखास्त (आदेशाच्या अंमलबजावणीचा अर्ज) दाखल करता येते, शिवाय आदेश न पाळणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षे कैदेची तरतूद आहे. प्रत्यक्षात वसुलीला याच तरतुदीने जोर येतो. एकाच हानीसाठी आयोग आणि दिवाणी न्यायालय अशा दोन्हीकडे समांतर दाद मात्र मागता येत नाही.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे जाण्याचा सल्लाही दिला जातो. तिथे जरूर कळवावे, पण तुमच्या जखमेची भरपाई तिथे मिळणार नाही. धोकादायक माल परत मागवणे, पैसे परत करायला लावणे आणि दंड करणे हे त्याचे काम. ऑगस्ट २०२२ मध्ये त्याने मानकांत न बसणारे २,२६५ प्रेशर कुकर विकले गेल्याबद्दल ॲमेझॉनला ग्राहकांना कळवून माल परत घेण्याचा, पैसे परत करण्याचा आणि १ लाख रुपये दंड भरण्याचा आदेश दिला होता. असा आदेश तुमच्याच मॉडेलबद्दल निघालेला असेल, तर तो आयोगापुढे भक्कम पुरावा म्हणून ठेवता येतो. पोलिसांतल्या फिर्यादीचेही तसेच: शिक्षा होईल न होईल, पंचनामा कामाला येतो.

गॅस सिलिंडरच्या स्फोटाचा हिशोब वेगळा. तेल कंपन्यांचा सार्वजनिक दायित्व विमा असतो आणि त्यात मृत्यू झाल्यास व्यक्तीमागे ६ लाख, उपचारांसाठी व्यक्तीमागे २ लाखांपर्यंत (एका घटनेत एकूण ३० लाख) आणि नोंदणीकृत पत्त्यावरील मालमत्तेसाठी २ लाखांपर्यंत संरक्षण आहे. यासाठी घटनेची माहिती वितरकाला ताबडतोब लेखी द्यावी लागते. दोष सिलिंडरचा किंवा रेग्युलेटरचा असल्याचा पुरावा असेल तर आयोगाचा मार्गही खुला असतो.

मुदतीचा हिशोब शेवटी करायचा नसतो, तरी बहुतेक जण तो शेवटीच करतात. आयोगात घटनेपासून दोन वर्षे मिळतात, विलंबमाफीचा अर्ज करता येतो पण सबळ कारण लागते. दिवाणी दाव्यासाठी सामान्यतः तीन वर्षे असतात, मात्र मृत्यूबद्दल वारसांनी १८५५ च्या प्राणांतिक अपघात कायद्याखाली लावायच्या दाव्याला मृत्यूपासून दोनच. कंपनीशी चाललेल्या मेलांमुळे या मुदतींत एक दिवसाचीही वाढ होत नाही. बोलणी रंगात आलेली असताना दुसरे वर्ष संपत आले असेल, तर आधी तक्रार दाखल करावी आणि बोलणी नंतर चालू ठेवावीत. तडजोडीची शक्यता दिसली तर दोन्ही बाजूंच्या संमतीने आयोग प्रकरण स्वतःच्या मध्यस्थी कक्षाकडे पाठवू शकतो, आणि तिथे झालेल्या समझोत्यावर आयोगाचा आदेश होतो.