जर्मनीतला खासगी आरोग्य विमा: चार वर्षे हप्ता भरल्यानंतरचे मत

जर्मनीत नोकरीसाठी आलेल्या मराठी माणसाला पहिल्या दोन-तीन वर्षांत कोणी ना कोणी विचारतेच की, पब्लिकमध्ये आहेस की प्रायव्हेटमध्ये? मी २०१९ मध्ये पुण्याहून ब्लू कार्डवर (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांच्या निवासपरवान्यावर) श्टुटगार्टला आलो आणि सुरुवातीला टेक्निकर या सार्वजनिक विमासंस्थेत होतो. २०२१ मध्ये नोकरी बदलली, नव्या पगाराने त्या वर्षीची ६४,३५० युरोंची मर्यादा (वार्षिक पगार तिच्या वर असलेल्या नोकरदारालाच खासगी विमा घेता येतो) ओलांडली आणि मी खासगी विमा घेतला. चार वर्षांनंतर माझे मत असे झाले आहे की हा विमा सोयीला उत्तम आहे. मात्र तो घेण्याचा निर्णय आपण चुकीच्या आकड्यावरून, म्हणजे पहिल्या महिन्याच्या हप्त्यावरून घेतो. माझ्या विमा कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे लिहिलेले बहुतेक सगळे तिथल्या कोणत्याही खासगी आरोग्य विम्याला लागू पडते.

तो आकडा मोहात पाडणारा असतो, हे मान्य केले पाहिजे. पब्लिकमध्ये हप्ता पगारावर ठरतो: मूळ १४.६ टक्के, त्यावर प्रत्येक संस्थेचा स्वतःचा जादा टक्का आणि शिवाय दीर्घकालीन शुश्रूषेचा विमा. खासगीत पगाराचा संबंध नसतो. वय, तब्येत आणि निवडलेल्या सुविधा यांवर सारे ठरते. बत्तिसाव्या वर्षी माझा हप्ता शुश्रूषा विम्यासह ५२० युरो ठरला आणि त्यातला निम्मा माझी नोकरीची कंपनी भरत असल्यामुळे पब्लिकच्या तुलनेत माझ्या खिशात दरमहा सुमारे २०० युरो जास्त राहू लागले. मात्र वर्षातल्या खर्चाचे पहिले ६०० युरो मी स्वतः सोसायचे होते आणि त्या रकमेत कंपनीचा वाटा नसतो, हा हिशेब मी त्या वेळी मांडलाच नव्हता. आज तोच हप्ता ६४० युरोंवर गेला आहे.

सेवेबद्दल तक्रारीला जागा नाही. दवाखान्यात फोन केला की पलीकडून पहिला प्रश्न येतो, "गेझेत्स्लिश ओडर प्रिवाट?", म्हणजे सार्वजनिक की खासगी. त्वचेच्या ज्या डॉक्टरांकडे मला पूर्वी सात आठवड्यांनंतरची वेळ मिळाली होती, त्यांच्याकडेच 'प्रिवाट' म्हटल्यावर चौथ्या दिवशी बोलावणे आले. पुढे बिल टपालाने घरी येते आणि ते वाचायला शिकावे लागते. माझे पहिले बिल १८७ युरोंचे होते. दोन पानांवर प्रत्येक तपासणीपुढे सरकारी दरपत्रकातला क्रमांक, मूळ दर आणि त्याची पट लिहिलेली होती. फोनवरच्या पाच मिनिटांच्या सल्ल्यालाही स्वतंत्र ओळ होती. साधारणपणे डॉक्टर मूळ दराच्या २.३ पट आकारतात. त्याहून जास्त, ३.५ पटीपर्यंत, आकारायचे असल्यास कारण लेखी द्यावे लागते. म्हणून विमा निवडताना तो ३.५ पटीपर्यंत भरपाई देतो की नाही, हे कलम आधी शोधावे. मी बिलाचा फोटो अ‍ॅपवर चढवला आणि बाराव्या दिवशी पैसे खात्यात आले.

खरी कसोटी अर्जाच्या वेळी असते. गेल्या काही वर्षांतले सगळे उपचार त्यात विचारतात आणि भारतातले उपचारही त्यात येतात. मी पुण्यात असताना थायरॉइडची गोळी सुरू झाली होती. पहिल्या एजंटाने सुचवले की ते तिकडचे आहे, लिहू नका, इथे कोणाला कळणार आहे? हा सल्ला घातक आहे आणि तो आपल्या लोकांना सर्रास दिला जातो, म्हणून स्पष्ट लिहितो: माहिती लपवल्याचे नंतर उघड झाले तर विमा कंपनी करार मोडू शकते आणि तेही नेमके आजारपणात, जेव्हा ती जुनी कागदपत्रे मागवते. मी एजंट बदलला. दुसऱ्याने माझे नाव न देता चार कंपन्यांकडे पूर्वचौकशी केली. नावानिशी अर्ज करून तो फेटाळला गेला, तर पुढच्या अर्जात तेही सांगावे लागते, म्हणून ही पद्धत सुरक्षित. माझ्या हप्त्यात त्या गोळीपायी २८ युरोंची भर पडली आणि ती मी मुकाट्याने भरली.

आमचा हिशेब चुकला तो मुलीच्या बाबतीत. पत्नी नोकरी करते, तिचा पगार माझ्यापेक्षा कमी आहे आणि ती टेक्निकरमध्ये आहे. २०२३ मध्ये मुलगी होणार होती तेव्हा ती आईबरोबर फुकट विम्यात येईल असे आम्ही धरून चाललो होतो. कायदा वेगळा आहे: विवाहित जोडप्यात ज्याचा विमा खासगी आहे त्याचे उत्पन्न मर्यादेच्या वर असेल आणि जोडीदारापेक्षाही जास्त असेल, तर मुलाला मोफत कुटुंब विमा मिळत नाही. आम्हांला हे कळले ते गरोदरपणाच्या आठव्या महिन्यात. जन्मानंतर दोन महिन्यांच्या आत अर्ज केल्यास बाळाला तब्येतीची चौकशी न करता पालकाच्या खासगी कंपनीत घ्यावेच लागते, एवढा आधार होता, पण तिचा हप्ता स्वतंत्र लागला. मी दोन महिन्यांची पालकरजा घेतली तेव्हा नोकरीच्या कंपनीचा वाटाही थांबला आणि पूर्ण हप्ता माझ्या अंगावर आला. पत्नी घरी असेल आणि दोन मुले असतील, तर पब्लिकमध्ये चौघांचा विमा एकाच हप्त्यात होतो आणि खासगीत चार हप्ते लागतात. अशा कुटुंबाने खासगीच्या वाटेला जाऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

पाच-सात वर्षांनी भारतात परतायचे ठरवलेल्यांसाठी आणखी एक बाब आहे. म्हातारपणी हप्ता फार वाढू नये म्हणून साठीपर्यंत त्यावर १० टक्के कायदेशीर अधिभार असतो आणि त्याखेरीजही राखीव रक्कम साठवली जाते. देश सोडताना त्यातला एक पैसाही हातात येत नाही. उलट कायमचे राहणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की वयाच्या ५५ वर्षांनंतर पब्लिकमध्ये परतणे जवळजवळ अशक्य होते. 'परदेशी पाहुण्यांसाठी' म्हणून विकल्या जाणाऱ्या स्वस्त तात्पुरत्या पॉलिसींना तर मी आरोग्य विमा मानत नाही. जुने आजार त्यांत सहसा वगळलेले असतात आणि नोकरदाराच्या निवासपरवान्याच्या वेळी त्या नाकारल्या जाऊ शकतात.

एकटा, तरुण, निरोगी आणि पगार मर्यादेच्या बराच वर असलेला माणूस हा विमा जरूर घेऊ शकतो. त्याने कमिशनवर चालणाऱ्या एजंटापेक्षा ग्राहक सल्ला केंद्रात, म्हणजे तिथल्या फरब्राउखरत्सेंत्रालमध्ये, फी भरून एक तास बसावे.

मी मात्र पब्लिकमध्ये परत निघालो आहे. पगाराची ती मर्यादा २०२५ मध्ये ७३,८०० युरो होती आणि २०२६ साठी ती ७७,४०० झाली आहे. जानेवारीपासून मी आठवड्याला ३० तास काम करणार असल्याने माझा पगार तिच्या खाली येईल आणि पब्लिक विमा मला आपोआप लागू होईल. जुन्या विमा कंपनीला सोडचिठ्ठीचे पत्र आणि टेक्निकरचा दाखला पाठवायला तीन महिन्यांची मुदत असते. पत्र तयार आहे. मुलीचे नाव पत्नीच्या कुटुंब विम्याच्या अर्जात कालच भरले, आणि १ जानेवारीपासून तिचा हप्ता शून्य असेल.