जिम्नीला ४० मिलिमीटरची लिफ्ट: गोव्यात पावसाळा आणि उन्हाळा काढल्यानंतरचा अनुभव

गाडी दोन इंच उचलली की खाली लागणारी प्रत्येक गोष्ट दोन इंच वर जाते, असा लिफ्ट किट घेणाऱ्या बहुतेकांचा समज असतो. मारुतीच्या जिम्नीत तसे होत नाही. पुढे आणि मागे दोन्हीकडे अखंड ॲक्सल आहे. त्यावरचा डिफरन्शियलचा (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरचा) गोळा जमिनीपासून किती उंच राहणार हे फक्त टायरची त्रिज्या ठरवते. लांब स्प्रिंग घातल्या की चेसिस (गाडीचा लोखंडी सांगाडा), टाकी, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणारी पेटी) आणि बंपर वर जातात, डिफरन्शियल मात्र होता तिथेच राहतो. कंपनीचा २१० मिमी ग्राउंड क्लिअरन्स मोजला जातो तो गाडीच्या सर्वांत खालच्या जागी, म्हणजे लिफ्टनंतर कागदावरचा हा आकडा जवळजवळ हलतच नाही.

तरीही लिफ्टचा उपयोग आहे, आणि पाच दारांच्या जिम्नीला तो जास्त आहे. तीन दारांच्या जिम्नीचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर) २२५० मिमी आणि ब्रेकओव्हर कोन (पोट न टेकता ओलांडता येणाऱ्या उंचवट्याचा कोन) २८ अंश. आपल्याकडच्या पाच दारांच्या गाडीत व्हीलबेस २५९० मिमी झाला आणि कोन २४ अंशांवर आला. उंचवटा ओलांडताना पोट घासते ते यामुळे. ४० मिमीच्या स्प्रिंग आणि १९५/८० आर १५ ऐवजी २१५/७५ आर १५ टायर अशी जोडी घातली की पोट एकूण ४५ मिमी वर जाते, कारण टायरचा व्यास ६९३ वरून सुमारे ७०३ मिमी होतो आणि त्यातली निम्मी वाढ उंचीत मिळते. हिशेब केला तर ब्रेकओव्हर २७-२८ अंशांवर पोचतो. लांब व्हीलबेसने घेतलेले लिफ्टने परत मिळाले, असे सरळ म्हणता येईल.

गोव्यात हा फरक जाणवतो तो जांभ्याच्या कडांवर: जुन्या चिरेखाणींच्या पायऱ्या, सड्यावर चढताना लागणारी धार, शेताचे बांध, कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) उतरताना व्हाळाचा (ओढ्याचा) काठ. आधी अशा जागी ट्रान्सफर केसखालची पट्टी टेकायची, आता टेकत नाही. उलट सत्तरीत काजूच्या डोंगरावर जाणाऱ्या मातीच्या वाटांवर पावसाने चाकोऱ्या खोल कोरल्या की मधला उंचवटा थेट डिफरन्शियलला लागतो. तिथे लिफ्टचा उपयोग शून्य, टायरने दिलेल्या पाच मिलिमीटरचाच काय तो उपयोग. अशा वाटेवर एक चाक मधल्या उंचवट्यावर आणि दुसरे काठावर ठेवून चालवणे हाच उपाय, गाडी कितीही उंच असो.

२३५/७५ आर १५ घातले असते तर डिफरन्शियलला २० मिमी मिळाले असते. पण व्यास जवळजवळ सहा टक्क्यांनी वाढतो, म्हणजे सगळे गिअर तितकेच लांब होतात. १०५ पीएस आणि १३४ न्यूटन मीटरच्या इंजिनाला चोर्ला घाटात भरल्या गाडीने ते झेपत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरची सतत अदलाबदल करावी लागते. शिवाय पूर्ण वळणावर टायर लीडिंग आर्म (पुढचा ॲक्सल चेसिसला धरणारा दांडा) आणि बंपरच्या कोपऱ्याला घासू लागतो. रोजच्या गाडीला २१५/७५ हेच माप योग्य वाटते.

बॉडी लिफ्टचा विचार करून तो सोडून दिला. चेसिस आणि बॉडी यांच्यामध्ये नायलॉनचे ठोकळे घालून फक्त बॉडी वर घेतात. चेसिस, ट्रान्सफर केस, टाकी जागच्या जागी राहतात, मिळते ती फक्त चाकाच्या कमानीतली जागा. त्या बदल्यात स्टिअरिंगचा शाफ्ट, पेट्रोल भरायची नळी, गिअरचे लिव्हर, रेडिएटर आणि पंख्याचे आवरण, बंपर या सगळ्यांची जागा चुकते. लांब बोल्टवर आडवा ताणही वाढतो. मोठे टायर बसवायचेच असतील तर एक इंचाची बॉडी लिफ्ट समजू शकते, नुसत्या उंचीसाठी मुळीच नाही.

स्वस्तातला दुसरा मार्ग म्हणजे मूळ स्प्रिंगवर पॉलियुरेथेनचे स्पेसर ठेवणे. गाडी उंच दिसते, पण शॉक ॲबसॉर्बर मूळच्याच लांबीचे राहतात. गाडी स्थिर उभी असतानाच शॉक जास्त ताणलेला असतो, खड्ड्यात चाक खाली जाताना तो लवकर संपतो आणि ठक्क असा आवाज येतो. काही महिन्यांत शॉकचे सील गळू लागतात. म्हणून स्प्रिंग आणि शॉक एकाच मापाचे, एकत्रच घ्यावेत.

स्प्रिंग निवडताना उंचीपेक्षा भार पाहावा. लोखंडी बंपर आणि विंच धरून बनवलेली स्प्रिंग रिकाम्या जिम्नीत घातली, तर ४० ऐवजी ६०-६५ मिमी उचल मिळते आणि गाडी दगडासारखी कडक होते. गाडीचे वजन जेमतेम १२०० किलो, तिला पन्नास किलोचा फरकही कळतो. आम्ही पुढे हलक्या आणि मागे मध्यम भाराच्या स्प्रिंग घेतल्या. त्या गाडीला अगदी जुळल्या.

आता बसवण्याचे. दोन माणसांना पूर्ण दिवस लागतो. सुरुवातीला चारही चाकांच्या मध्यापासून कमानीच्या काठापर्यंतचे अंतर मोजून लिहून ठेवावे, नंतर तुलनेला हाच आधार. चेसिसखाली स्टँड, ॲक्सलखाली ट्रॉली जॅक. शॉकचा खालचा बोल्ट, स्टॅबिलायझरची लिंक, ब्रेक होजचा ब्रॅकेट आणि एबीएसच्या वायरची क्लिप सोडवल्याशिवाय ॲक्सल खाली घेऊ नये. होजवर ॲक्सलचे वजन आले तर तो आतून तुटतो, बाहेरून दिसत नाही. किनाऱ्याजवळच्या गाड्यांचे बोल्ट बुशच्या (सांध्यातल्या रबरी गुंडीच्या) आतल्या नळीत गंजून चिकटलेले असतात. आदल्या दिवशी गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे आणि परत लावताना बोल्टच्या दांड्याला अँटी-सीझ (बोल्ट चिकटू न देणारा लेप) लावावे.

स्प्रिंग घालण्याआधी एक तपासणी बहुतेक गॅरेज टाळतात, पण ती करून घ्यायलाच हवी. नुसता नवा शॉक लावून ॲक्सल पूर्ण खाली सोडायचा, मग जॅकने पूर्ण वर घ्यायचा. खाली असताना ब्रेक होज आणि एबीएसची वायर सैल राहिली पाहिजे. इथे पुढचे होज जेमतेम पुरत होते, म्हणून त्यांचे ब्रॅकेट खाली घेतले. वर घेताना शॉक आतून बंद होण्याआधी बंप स्टॉप (ॲक्सलची वरची हालचाल थांबवणारा रबराचा ठोकळा) टेकला पाहिजे. लांब शॉकची बंद लांबीही जास्त असते, त्यामुळे बंप स्टॉपखाली तुकडा वाढवावा लागतो. तो नसेल तर प्रत्येक मोठा दणका शॉकच्या पिस्टनवर जातो.

आणि सर्वांत महत्त्वाचे: लीडिंग आर्म, ट्रेलिंग आर्म (मागच्या ॲक्सलचे तसेच दांडे), पॅनहार्ड रॉड (ॲक्सलला बाजूला सरकू न देणारा आडवा दांडा) आणि शॉकचे रबर बुशवाले बोल्ट गाडी स्टँडवर असताना फक्त हाताने लावायचे. गाडी चाकांवर उतरवून, दोन-चार वेळा दाबून बसू दिल्यावरच टॉर्क रेंचने घट्ट करायचे. ॲक्सल लोंबत असताना घट्ट केले तर रबर त्या स्थितीला चिकटून राहते आणि गाडी खाली आल्यावर कायम पिळलेले असते. लिफ्टनंतर तीन-चार महिन्यांत बुश फाटले, गाडी एका बाजूला कलते, अशा तक्रारींचे कारण बहुधा हेच निघते. पाचशे किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासावेत. नव्या स्प्रिंग तोवर पाच-दहा मिलिमीटर बसतात, म्हणून अलाइनमेंटही त्यानंतरच करावी.

लिफ्टचा खरा खर्च आणि खरे काम कॅस्टरमध्ये आहे. कॅस्टर म्हणजे किंगपिनचा (पुढचे चाक ज्या खिळीवर वळते तिचा) मागे कललेला कोन. सायकलचा फोर्क कललेला असल्यामुळे हँडल आपोआप सरळ होते, तेच काम इथे. पुढचे लीडिंग आर्म मागे चेसिसला आणि पुढे ॲक्सलला जोडलेले असतात. चेसिस वर गेली की आर्मचे मागचे टोक वर जाते, ॲक्सल पुढे झुकतो आणि कॅस्टर कमी होतो. ४०-५० मिमीलाही तो जाणवण्याइतका जातो. नुसत्या स्प्रिंग-शॉकवर गाडी चालवली की लगेच कळते: वळणानंतर स्टिअरिंग स्वतःहून सरळ येत नाही, ऐंशीच्या पुढे गाडी तरंगते, आणि एखाद्या सांध्यावरून गेल्यावर साठ-सत्तरच्या वेगात पुढची चाके थरथरू लागतात. उपाय म्हणजे लीडिंग आर्मच्या ॲक्सलकडच्या टोकांना ऑफसेट बुश (मधले भोक एका बाजूला असलेले). जुने बुश हायड्रॉलिक प्रेसवर काढावे लागतात, हातोडीने आर्मचे डोळे बिघडतात. नव्या बुशवरची खूण चारही ठिकाणी बरोबर दिशेला हवी. उलटा बसला तर कॅस्टर आणखी कमी होतो. अलाइनमेंट मशीनवर आधीचे आणि नंतरचे आकडे छापून घ्यावेत.

कॅस्टर परत मिळवण्यासाठी ॲक्सल मागे फिरवला की पुढच्या डिफरन्शियलचे तोंड खाली जाते आणि पुढच्या प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढतो. ४० मिमीला ते चालून जाते, ४एचमध्येही (चारही चाकांना ताकद देणाऱ्या स्थितीत) वेगळी थरथर आली नाही. ७५ मिमीच्या लिफ्टला मात्र या दोन गरजा एकमेकींच्या आड येतात. गोव्यात रोज चालणाऱ्या गाडीला ४०-५० मिमीच्या पुढे न जाण्याचे आमचे मुख्य कारण हे.

थरथर झाकण्यासाठी मोठा स्टिअरिंग डँपर विकतात. आधी टायरचे बॅलन्स, मग पॅनहार्डचे बुश, मग किंगपिन बेअरिंगचा ताण, या क्रमाने पाहावे. चाक वर उचलून वर-खाली हलवले आणि खेळ जाणवला तर किंगपिनखालचे शिम बदलून ताण जुळवतात. डँपर खेळ काढत नाही, लपवतो.

पॅनहार्ड रॉडचे एक टोक चेसिसला आणि दुसरे ॲक्सलला असल्याने गाडी उचलल्यावर ॲक्सल पाच-सात मिलिमीटर बाजूला सरकतो. कमानीवरून ओळंबा सोडून दोन्ही बाजूंचे अंतर मोजले की कळते. पुढचा आणि मागचा ॲक्सल विरुद्ध दिशांना सरकले तर गाडी तिरपी चालते. लांबी बदलता येणारे रॉड दोन्हीकडे घातल्यावर हा प्रश्न मिटला. स्टिअरिंग सरळ करायचे ते ड्रॅग लिंकवर (स्टिअरिंगपासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्यावर). स्टिअरिंग उपसून दात बदलून बसवणारे मेकॅनिक आहेत, त्यांना तसे करू देऊ नये. कोन मोजणारा सेन्सर चुकतो आणि ईएसपीचा (गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागतो. ड्रॅग लिंक जुळवल्यावर सेन्सरचे शून्य स्कॅनरने पुन्हा लावून घ्यावे.

हेडलाइट भिंतीवर धरून पुन्हा खाली घ्यावे लागतात. आपल्या अरुंद रस्त्यांवर समोरच्या दुचाकीवाल्याच्या डोळ्यांत प्रकाश जाणे धोक्याचे आहे.

चालवायला गाडी आता कशी आहे? खड्डे आणि गतिरोधक यांवर मूळ गाडीपेक्षा चांगली, हे निःसंशय. मूळ शॉकची मागची उसळी गेली आहे. ब्रेक मारल्यावर नाक थोडे जास्त झुकते. मांडवी आणि झुआरीवरच्या उंच पुलांवर बाजूचा वारा लागला की गाडी ढकलली जाते, तिथे वेग कमीच ठेवावा. चोर्ला आणि अनमोड घाटातल्या वळणांवर गुरुत्वमध्य वर गेल्याचे जाणवते, अचानक स्टिअरिंग ओढणे टाळावे. गाडी लिटरमागे सुमारे एक किलोमीटर कमी चालते. वयस्क माणसांना चढायला साइड स्टेप लागते, पण ती लावली की बाजूची उंची गेली.

पावसाळ्यात सर्वांत जास्त परीक्षा घेतली ती लाल मातीने. ती स्प्रिंगच्या खालच्या वाटीत साचते, ओली राहते, आणि स्प्रिंगचे टोक जिथे टेकते तिथला पावडर कोट खरवडते. गंज नेमका तिथून सुरू होतो. प्रत्येक चिखलानंतर वाटीत पाण्याचा झोत मारावा, आणि पावसाआधी त्या जागी, बोल्टच्या डोक्यांवर आणि कापलेल्या ब्रॅकेटवर मेणाचा थर द्यावा. गंजावर रबरी अंडरकोट फासू नये, पाणी आत अडकते. शॉकच्या दांड्यावरची रबरी बूट आम्ही काढली, कारण आत शिरलेली रेव दांड्याला घासत राहते. पॉलियुरेथेनचे बुश करकरू लागले तर सिलिकॉन ग्रीसच वापरावे, साधे ग्रीस नको.

व्हाळातून जाण्यासाठी लिफ्टपेक्षा ब्रीदर (आतली हवा आत-बाहेर जाऊ देणाऱ्या नळ्या) महत्त्वाचे. तापलेला ॲक्सल पाण्यात थंड झाला की आतली हवा आकसते आणि पाणी ओढून घेते. दोन्ही ॲक्सल आणि गिअरबॉक्सच्या ब्रीदर नळ्या इंजिनाच्या भिंतीपर्यंत वर नेल्या. तरीही तेलाचा प्लग काढून पाहावा. तेल दुधाळ दिसले तर लगेच बदलावे.

लिफ्ट करून जायचे कुठे, हेही आधी ठरवावे. गोव्यात किनाऱ्यावर वाळूत गाडी घालायला बंदी आहे. कुळ्याहून दूधसागरला भगवान महावीर अभयारण्यातून जाणाऱ्या वाटेवर तिथल्या नोंदणीकृत जीपच जातात, खासगी गाडी नाही. उरतात त्या स्वतःच्या किंवा ओळखीच्यांच्या बागायतीच्या वाटा, आणि त्या पुरेशा आहेत.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलांत परवानगीशिवाय बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच ठामपणे सांगितले. कलम १८२अ खाली प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. अपघातात विम्याचा दावा अडू शकतो, आणि सस्पेन्शनची वॉरंटी जाते. हे मान्य असेल तरच पैसे घालावेत.

काढलेल्या मूळ स्प्रिंग, शॉक आणि पॅनहार्ड रॉड भंगारात देऊ नयेत. स्प्रिंगवर पुढची-मागची, डावी-उजवी असे रंगाने लिहून, तेलाचा हात फिरवून, कोरड्या जागी गुंडाळून ठेवाव्यात. गाडी विकताना किंवा तपासणीच्या वेळी सगळे मूळ स्थितीत आणायला एक दिवस पुरतो. फक्त लीडिंग आर्मचे दाबून काढलेले बुश परत वापरता येत नाहीत, त्यांचा नवा संच लागतो.